काखेतला कळसा आणि माझा हीटमॅप

माझं चार महिन्यांचं काम परवा एका ठिपक्याने हरवलं. खरंच ठिपका, उपमा-बिपमा काही नाही. काळा चौकोन, त्याच्या बरोब्बर मध्ये एक पांढुरका गोळा, कडेला धूसर होत गेलेला, बस्स. कुठलाही फोटो द्या, हा ठिपका सांगतो की माणसं मधोमध बघणार. त्याला फोटो दाखवायचीसुद्धा गरज नाही, तो न बघताच उत्तर देतो. आणि माझं मॉडेल, ज्याच्यासाठी मी जीपीयूवरून, म्हणजे मॉडेल चालवायच्या महागड्या चिपवरून, लॅबमधल्या तीन जणांशी भांडून बसलेय, ते त्याच्या मागे. लॅबमेटने स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "ठिपक्यालाच फर्स्ट ऑथर कर."

तर माझं काम काय ते आधी सांगते, नाहीतर हा विनोद कळणार नाही. माणसासमोर एक फोटो ठेवला की त्याचे डोळे त्या फोटोत कुठे कुठे जाऊन थांबतात, हे फोटोवरून आधीच ओळखणारं मॉडेल, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, बनवायचं. हा अर्धा भाग. उरलेला अर्धा असा की जी मॉडेल्स हल्ली फोटो "समजतात" म्हणे, फोटोवर प्रश्न विचारला की उत्तर देतात, ती उत्तर देताना फोटोत कुठे बघतात, आणि माणूस बघतो तिथेच बघतात का. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

ठिपक्याचं म्हणाल तर ती या क्षेत्रातली जुनी जखम आहे, मीच विसरले होते. माणसं फोटोच्या मध्यभागी खूप बघतात. एमआयटीतल्या टिल्के जड आणि मंडळींनी २००९ मध्ये १००३ फोटो १५ जणांना दाखवून डोळ्यांच्या हालचाली रेकॉर्ड केल्या होत्या, त्यात दिसलं की डोळे जिथे जिथे थांबले त्यातले ४० टक्के थांबे फोटोच्या मधल्या फक्त ११ टक्के भागात होते. एक कारण उघड आहे, फोटो काढणारा माणूस महत्त्वाची गोष्ट मध्ये ठेवतो, कुणी वाढदिवसाचा फोटो काढताना ज्याचा वाढदिवस त्याला कोपऱ्यात ढकलत नाही. पण तेवढंच नाही, कारण बेंजामिन टॅटलर यांनी २००७ मध्ये दाखवलं की फोटोतल्या लक्ष वेधणाऱ्या गोष्टी एका बाजूला असल्या तरी नजर सुरुवातीला मध्येच येते, म्हणजे जणू तिथे उभं राहून आधी सगळ्या खोलीचा अंदाज घ्यायचा आणि मग निघायचं.

मग माझं मॉडेल का हरलं? कारण मी शहाणपणा केला होता. ट्रेनिंगला फोटो कमी पडतात म्हणून प्रत्येक फोटो इकडून तिकडून कापून, सरकवून त्याचे दहा फोटो केले, सगळेच करतात. पण त्यात झालं असं की मध्यभाग दर वेळी वेगळ्या जागी गेला, आणि मॉडेल बिचारं शिकलं की मध्यभाग असं काही नसतंच. म्हणजे जी एक गोष्ट ठिपक्याला फुकट माहीत होती तीच मी चार महिने खर्चून माझ्या मॉडेलकडून पुसून घेतली.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मॉडेलच्या उत्तरात ठिपका मिसळला आणि आकडे एकदम वर. पण मला त्याचा आनंद होईना. आता जिंकलं ते कोण, माझं मॉडेल की ठिपका? यावर एक उपाय लोकांनी काढून ठेवलाय तो मला आवडतो. मॉडेलची परीक्षा घेताना चुकीची उत्तरं म्हणून फोटोतल्या कुठल्याही रँडम जागा द्यायच्या नाहीत, तर दुसऱ्या फोटोंवर माणसं जिथे बघत होती त्या जागा द्यायच्या. त्या जागासुद्धा मध्येच जास्त असतात, त्यामुळे नुसतं "मध्ये" म्हणणाऱ्याला काहीच मिळत नाही, ठिपका सरळ नापास. या मोजमापावर माझं मॉडेल बऱ्यापैकी उभं राहिलं, मग मी त्या रात्री झोपले.

बरं, पण मुळात डोळ्यांना कुठेतरी "जावं" का लागतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्याला वाटतं आपल्याला समोरचं सगळं एकदम दिसतंय, कॅमेऱ्यासारखं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्पष्ट. ही शुद्ध थाप आहे आणि मेंदू ती जन्मभर मारत राहतो. हात सरळ पुढे करा, अंगठा उभा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढाच, म्हणजे साधारण दोन अंशांचा भाग तुम्हाला कुठल्याही क्षणी खरोखर बारकाईने दिसत असतो. डोळ्याच्या पडद्यावर फोव्हिया नावाचा एक इवलासा खड्डा असतो, रंग आणि बारकावे टिपणाऱ्या पेशींची सगळी गर्दी तिथेच, बाकी सगळीकडे कामचलाऊ. विश्वास बसत नसेल तर आत्ता या ओळीतल्या "अंगठा" या शब्दावर नजर रोखून धरा आणि डोळे न हलवता तीन ओळी खालचं वाचून दाखवा.

म्हणून डोळे उड्या मारतात. सेकंदाला तीनेक वेळा. उडी मारायची, पाव सेकंद वगैरे थांबायचं, परत उडी. उडीला सॅकेड म्हणतात आणि थांब्याला फिक्सेशन, आणि दिवसभरात अशा लाखाच्या वर उड्या होतात तरी आपल्याला एकीचाही पत्ता नसतो, कारण उडी चालू असताना मेंदू चित्र जवळजवळ बंदच करून टाकतो. आरशासमोर उभं राहून एकदा डाव्या डोळ्याकडे आणि एकदा उजव्या डोळ्याकडे बघा. शेजारी उभ्या माणसाला तुमचे डोळे हलताना दिसतील, तुम्हाला स्वतःला कधीच दिसणार नाहीत. मी हे कॉलेजात पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा वीस मिनिटं आरशासमोरून हलले नव्हते, बाहेर रांग लागली होती ते वेगळं.

आता एवढी कंजुषी असेल, नखाएवढाच उजेड आणि त्याने अख्खी खोली चाचपायची, तर तो उजेड पुढे कुठे टाकायचा हे कोण ठरवतं? सगळं भांडण इथेच आहे.

एक पार्टी म्हणते फोटो ठरवतो. राखाडी भिंतीवर एक लाल सिलिंडर टांगलाय, नजर जाणारच. क्रिस्टोफ कॉख आणि शिमॉन उलमन यांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली की मेंदूत एक नकाशा असावा, ज्यात कुठली जागा किती डोळ्यात भरते एवढंच लिहिलेलं असतं. १९९८ मध्ये लॉरेंट इट्टी, कॉख आणि अर्न्स्ट नीबर यांनी तो कॉम्प्युटरवर करून दाखवला. पद्धत इतकी साधी की मी एका वीकेंडला बसून स्वतः लिहून काढली होती. फोटोचे लहान मोठे आकार करायचे, प्रत्येकात उजेड, रंग आणि रेषांचा कल तपासायचा, आणि दर जागी एकच विचारायचं, बाई तू तुझ्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळी आहेस का? असे एकूण ४२ नकाशे निघतात, ते मिसळायचे, सगळ्यात ठळक जागा जिंकली, नजर तिथे. मग ती जागा थोडा वेळ दाबून टाकायची, नाहीतर नजर तिथेच चिकटून बसेल, आणि पुढची ठळक जागा. इतकं मानवी वाटतं ना, बघून झालं, चला पुढे. मला अजूनही हे मॉडेल आजच्या शंभर थरांच्या राक्षसांपेक्षा जास्त देखणं वाटतं. चुकतं फार, ही गोष्ट वेगळी. विजेच्या खांबाकडे मन लावून बघत बसतं आणि खांबाखाली उभ्या माणसाचा चेहरा सोडून देतं. माणूस मात्र चेहरा सोडत नाही, अक्षरंही सोडत नाही, फोटोत कुठे पाटी असली की वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

दुसरी पार्टी म्हणते फोटो-बिटो काही नाही, तुमच्या डोक्यात काय चाललंय ते ठरवतं. या पार्टीचा देव म्हणजे आल्फ्रेड यार्बुस, सोव्हिएत शास्त्रज्ञ. त्यांचं पुस्तक रशियनमध्ये १९६५ ला आणि इंग्रजीत १९६७ ला आलं. त्या काळी आजच्यासारखे आय ट्रॅकर, म्हणजे नजर कुठे जाते ते टिपणारी यंत्रं, नव्हते. यार्बुस काय करायचे, तर एक टोपी सक्शनने थेट डोळ्याला चिकटवायचे, तिच्यावर एवढासा आरसा, आरशावर प्रकाशाचा झोत, आणि डोळा हलला की परतलेला झोत फोटोच्या कागदावर रेघा ओढणार. पापण्या मिटू नयेत म्हणून चिकटपट्ट्या. आज कुठल्याही एथिक्स कमिटीसमोर हा फॉर्म नेला तर दारातूनच परत पाठवतील.

त्यांनी रशियन चित्रकार इल्या रेपिन यांचं एक चित्र घेतलं. खोलीत बायकामुलं आहेत, आणि हद्दपारीतून सुटलेला माणूस अचानक दारातून आत आलाय, कुणालाच अपेक्षा नव्हती. हे एकच चित्र सात वेळा दाखवलं, दर वेळी तीन मिनिटं. एकदा नुसतं बघा. एकदा सांगा घरची परिस्थिती कशी आहे. एकदा वयं सांगा. एकदा, हा येण्याआधी ही मंडळी काय करत होती. एकदा कपडे लक्षात ठेवा, एकदा कोण कुठे बसलंय ते लक्षात ठेवा, आणि शेवटी, हा माणूस किती काळ बाहेर होता असेल. आणि सातही वेळा रेघांची जाळी वेगळी. वयं विचारली तर नजर चेहऱ्यावरून चेहऱ्यावर टुणटुण उड्या मारते, बाकी चित्र जणू नाहीच. परिस्थिती विचारली की खुर्च्या, टेबल, कपडे. आणि किती काळ बाहेर होता विचारलं की नजर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून घरच्यांच्या चेहऱ्यांवर आणि परत त्याच्यावर, लांबच लांब फेऱ्या. ती शेवटची जाळी मी पहिल्यांदा बघितली तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण त्या फेऱ्यांमध्ये विचार दिसतोय, हा ओळखतोय का, ते ओळखतायत का.

इथे एक कबुली. दोन वर्षं मी प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये ही सात जाळी "लोकांच्या डोळ्यांची" म्हणून दाखवत होते. एकदा मागच्या बाकावरून एक मॅडम म्हणाल्या, लोकांच्या नाही गं, एकाच माणसाच्या. खरंच, ती सातही चित्रं एकाच व्यक्तीची आहेत, पुस्तकात तसं स्पष्ट आहे, मी फक्त चित्रं बघितली होती आणि खालचं वाचलं नव्हतं. लक्ष या विषयावर संशोधन करते मी. असो. नंतर लोकांनी ते आजच्या यंत्रांवर तपासलं आणि गोष्ट जरा गुंतागुंतीची निघाली. नजरेच्या रेघांवरून उलट, यांना काय प्रश्न विचारला होता हे कॉम्प्युटरला ओळखता येतं का? २०१२ मध्ये एका टीमने म्हटलं नाही येत, २०१४ मध्ये दुसऱ्या टीमने तोच डेटा घेऊन म्हटलं येतं, अंदाजपंचेपेक्षा बरं येतं. माझं मत विचाराल तर प्रश्न नजरेला ओढतो यात मला काडीची शंका नाही, किती ओढतो यावर मी पैज लावणार नाही.

आता येते ती गोची, जिच्यामुळे ही पोस्ट लिहायला घेतली. मशीन लर्निंगवाल्यांनी "अटेन्शन" हा शब्द उचलला आणि तेव्हापासून कुणालाही काहीही समजावणं अवघड झालंय.

२०१५ मध्ये फोटोखाली वाक्य लिहिणारं एक मॉडेल आलं, ते प्रत्येक शब्द लिहिताना फोटोच्या कुठल्या भागाला किती वजन देतंय हे दाखवता यायचं. "पक्षी" लिहिताना पक्ष्यावर उजेड, "पाणी" लिहिताना पाण्यावर. बघणाऱ्याला वाटणारच, अरे हे तर बघतंय! मग २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर नावाचं, मुळात भाषेसाठी बनवलेलं मॉडेल आलं, आणि २०२० मध्ये कुणीतरी विचार केला की हेच फोटोला लावू. फोटो २२४ बाय २२४ पिक्सेलचा, त्याचे १६ बाय १६ चे तुकडे करायचे, १९६ तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा प्रत्येक तुकड्याला विचारतो, तुझ्याकडे माझ्या कामाचं काही आहे का? म्हणजे हिशेबाच्या एका फेरीतच साडेअडतीस हजारांच्या आसपास प्रश्न. याला म्हणतात अटेन्शन. पण माणसाचं लक्ष म्हणजे टंचाईतून आलेली गोष्ट आहे, नखाएवढा उजेड म्हणून निवड. इथे टंचाई कुठाय? सगळेच सगळ्यांकडे बघतायत, एकाच वेळी. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे सगळ्यांशी एकदम बोलतायत त्याला कुणी "ऐकणं" म्हणेल का?

शिवाय एक खोच आहे. कुणाकडे किती लक्ष द्यायचं याची ही वजनं अशी बनवलेली असतात की त्यांची बेरीज एक यायलाच पाहिजे. म्हणजे एखाद्या तुकड्याला कुणाकडेच बघायचं नसलं तरी सोय नाही, कुठेतरी बघावंच लागतं. मला बरेच दिवस मोठ्या मॉडेल्सच्या हीटमॅपमध्ये, म्हणजे मॉडेलचं लक्ष फोटोत कुठे किती आहे ते रंगाने दाखवणाऱ्या चित्रात, एक विचित्र गोष्ट दिसायची, फोटोत कुत्रा आहे, बॉल आहे, आणि मॉडेलचं लक्ष वरच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या आकाशात दोन-तीन ठिपक्यांवर खिळलेलं. मला वाटलं माझ्याच कोडमध्ये बग आहे, दोन आठवडे शोधला. २०२३ मध्ये यावर पेपर आला आणि जीव भांड्यात पडला. झालं असं की मॉडेल ज्या तुकड्यात काहीच बघण्यासारखं नाही तो तुकडा रफ वहीसारखा वापरतं, तिथली आकाशाची माहिती पुसून तिथे सगळ्या फोटोबद्दलच्या नोंदी लिहून ठेवतं, आणि मग सगळे तिथे येऊन वाचतात. उपाय काय, तर मॉडेलला चार-पाच कोरे कागद वेगळे द्या, मग ते आकाशावर गिरगटणार नाही. दिले, आणि हीटमॅप स्वच्छ झाले. मला हे फार आवडलं. पण मग यानंतर तो आकाशातला ठिपका दाखवून "मॉडेल आकाशाकडे बघतंय" कसं म्हणायचं? आणि कुत्र्यावरचा ठिपका दाखवून "मॉडेल कुत्र्याकडे बघतंय" तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

माझं स्वतःचं नाक असंच एकदा कापलं गेलंय. फोटोवर प्रश्न विचारायचं एक मॉडेल होतं, फार नवं नाही, मी त्याच्या हीटमॅपवर काम करत होते. एका फोटोत पावसात एका छत्रीखाली दोघं. विचारलं, छत्रीखाली किती जण आहेत? हीटमॅप असा सुरेख, छत्री आणि खालची दोन डोकी, अगदी मापात. उत्तर, दोन. मी तो फोटो स्लाइडवर टाकला, खाली मोठ्या अक्षरात लिहिलं की मॉडेल योग्य जागी बघून योग्य उत्तर देतंय. सरांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, तिघांचा फोटो टाकून बघ. टाकला. हीटमॅप परत सुरेख, तीन डोकी. उत्तर, दोन. मग मी घाबरत घाबरत सगळा फोटो पुसून नुसता राखाडी चौकोन दिला. छत्रीखाली किती जण आहेत? दोन.

त्याने प्रश्न वाचला होता, फोटो नाही. आणि यात त्याची चूक तरी काय, ज्या प्रसिद्ध डेटासेटवर अशी मॉडेल्स शिकली त्याच्या पहिल्या आवृत्तीत "किती" असं विचारलेल्या प्रश्नांपैकी ३९ टक्के प्रश्नांचं उत्तर "दोन" होतं, "कुठला खेळ" विचारलं की ४१ टक्के वेळा "टेनिस", आणि "तुम्हाला अमुक दिसतंय का" असं विचारलं की ८७ टक्के वेळा "हो". साहजिक आहे, फोटोत नसलेल्या गोष्टीबद्दल कोण कशाला विचारेल. परीक्षेला बसणारं पोर जसं पेपर सेट करणाऱ्याचा स्वभाव ओळखून पास होतं तसं. २०१७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली, त्यात प्रत्येक प्रश्नाला दोन सारखे दिसणारे फोटो आणि दोन वेगळी उत्तरं, की आता तरी बघ बाबा फोटोकडे.

हीटमॅपवर माझा विश्वास तिथून उडायला लागला तो २०१८ च्या एका पेपरने पुरता उडवला. त्यांनी केलं काय, शिकलेल्या मॉडेलच्या डोक्यातलं सगळं शिक्षण पुसून तिथे रँडम आकडे भरले, म्हणजे आता त्याला कुत्रा काय नि मांजर काय. आणि परत हीटमॅप काढले. काही पद्धतींचे हीटमॅप जवळजवळ तसेच्या तसे आले! म्हणजे ती पद्धत मॉडेलबद्दल काही सांगतच नव्हती, फोटोतल्या कडा गिरवून दाखवत होती, आणि आपण बघणारे ते बघून मान डोलवत होतो. तेव्हापासून कुणी मला रंगीत हीटमॅप दाखवून "बघा, मॉडेलला समजलंय" म्हणालं की मी पहिलं विचारते, डोकं पुसून बघितलंत का.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मशीनचं सोडा, निदान माणूस जिथे बघतो ते त्याला दिसतं तरी. नाही ना! आपल्याकडे काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते उगाच नाही. २०१३ मध्ये एक प्रयोग छापून आला, २४ रेडिओलॉजिस्ट, म्हणजे ज्यांचं पोटच बघण्यावर चालतं अशी माणसं, त्यांना फुफ्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये करणाऱ्यांनी गुपचूप एक गोरिला टाकला होता. नेहमीच्या गाठीपेक्षा ४८ पट मोठा. २४ पैकी २० जणांना दिसला नाही. आणि आय ट्रॅकर लावलेला होता म्हणून हेही कळलं की ज्यांना दिसला नाही त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची नजर थेट गोरिलावर गेली होती. फोव्हिया गोरिलावर, डोकं गाठींवर. हे वाचून डॉक्टरांना हसायचं काही कारण नाही हां, ते गाठी शोधत होते आणि गोरिला ही गाठ नाही.

मला हे पेपरात वाचून माहीत होतं, पण समोर घडताना मी मागच्या महिन्यात पहिल्यांदा बघितलं.

आमचा सध्याचा प्रयोग साधा आहे. पसारा पडलेल्या टेबलांचे फोटो, आणि प्रश्न, यात कात्री आहे का? हो की नाही, बटण दाबा. कात्री फारच थोड्या फोटोंत ठेवलीय, मुद्दाम, कारण जी गोष्ट क्वचित सापडते ती माणसं जास्त चुकवतात. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की शोधायची वस्तू निम्म्या फोटोंत असली तर सुमारे ७ टक्के वेळा निसटते, आणि शंभरात एकदाच असली तर ३० टक्के वेळा. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांचा विचार करा आणि तो विचार तिथेच सोडून द्या.

पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती. चष्मा, त्यामुळे ट्रॅकरचा जीव जातो, इन्फ्रारेड दिवा काचेवर चमकतो आणि यंत्राला वाटतं हाच डोळा. तीन वेळा कॅलिब्रेशन केलं. हनुवटी स्टँडवर टेकवायची, स्क्रीनवर एकेक करून नऊ ठिपके येतात, ते ते बघायचे, हलायचं नाही, हसायचं नाही. तिला सारखं हसू येत होतं. चौथ्यांदा यंत्र म्हणालं ठीक आहे. मग चाळीस मिनिटं फटाफट बटणं, नाही, नाही, नाही, नाही.

संपल्यावर म्हणाली, ताई, मला माझे डोळे कुठे फिरले ते बघायला मिळेल का? एरवी मी दाखवत नाही, पण तिने तीन कॅलिब्रेशन सोसली होती. एक फोटो लावला, टेबलावर वह्या, चार्जर, अर्धवट सोललेलं स्टिकर, पेनस्टँड आणि पेनस्टँडला टेकून कात्री, लाल मुठीची. वर तिची नजर म्हणजे एक हिरवा गोल, उड्या मारत जाणारा. वह्या. चार्जर. मग सरळ कात्रीवर. थांबला. पावणेतीनशे मिलिसेकंद. मग पेनस्टँड, मग खालचा कोपरा, परत कात्रीवरून जाऊन वह्यांवर, आणि बटण, नाही.

ती खुर्चीतून पुढे सरकली. "हे माझंच आहे ना?"

"तुझंच."

"पण मी बघितलीच नाही कात्री."

"बघितलीस. हे बघ, दोनदा."

"नाही ताई, नव्हती तिथे." मग जरा थांबून, "मग याला तुम्ही काय लिहिता, बघितली की नाही बघितली?"

माझ्या शीटमध्ये त्यासाठी एकच रकाना आहे, "मिस", आणि त्यात एक आकडा. उत्सुकता म्हणून मी नंतर तोच फोटो आमच्या मॉडेललाही दिला, तर हीटमॅप बरोब्बर कात्रीवर आणि उत्तर हो. मग कात्री नसलेला फोटो दिला, हीटमॅप पेनस्टँडवर, उत्तर हो.

पण ते नंतर. तेव्हा ती म्हणाली परत एकदा लावा, हळू. मी स्पीड अर्धा केला. हिरवा गोल वह्यांवरून निघाला, चार्जर, आणि कात्रीवर येऊन थांबला, तिने बोट स्क्रीनवर त्या गोलाला टेकवलं, इथे, इथे मी काय विचार करत होते? बाहेर पुढचा मुलगा दोनदा दार वाजवून गेला होता. मी परत पहिल्यापासून लावलं.